मोहरीचा बेवड कोबीला चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेती पानावर नुकताच कोबी-फ्लॉवरच्या फेरपालटावर एक लेख आला. खरिपाचा कोबी निघाला की त्याच रानात रब्बीची मोहरी घ्यावी, तेलबियांचे पीक वेगळे असल्याने कीड-रोगांचे चक्र तुटते, जमिनीला ‘विसावा’ मिळतो आणि मोहरीच्या मुळांनी जमीन ‘शुद्ध’ होते, असा त्यातला सल्ला. लेखाचा हेतू चांगला आहे. फेरपालटाबद्दल कोणी लिहिते हेच आता नवल. पण हा एक सल्ला नेमका उलटा आहे. मोहरीचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा रानावर राहणारा परिणाम, कोबीला चालत नाही. ऑक्टोबरची पेरणी तोंडावर आलेली असताना कोणी तो मनावर घेण्याआधी दुरुस्त व्हावा, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मोहरी आणि कोबी ही वेगळी पिके आहेत ती बाजार समितीत आणि सातबाऱ्यावर. वनस्पतिशास्त्रात दोन्ही ब्रॅसिका या एकाच प्रजातीत बसतात. आधी कुल, त्याखाली प्रजाती, त्याखाली जाती अशी ही उतरंड. (वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात, आणि बियाण्याच्या दुकानात वाणालाही ‘जात’च म्हणतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो.) कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि हल्ली शहरांत मिळणारा केल ही तर एकाच जातीची, ब्रॅसिका ओलेरेसियाची, वेगवेगळी सोंगे आहेत. कोबीत माणसाने शेंड्याची कळी फुगवली, फ्लॉवरमध्ये फुलोरा, नवलकोलात खोड. म्हणजे कोबीनंतर नवलकोल घेणे हे त्याच पिकावर तेच पीक घेणे झाले. सलगम, चायनीज कोबी आणि उत्तरेकडची पिवळी सरसों ही ब्रॅसिका रापाची मंडळी. आपल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी बहुतेक वेळा ब्रॅसिका जुन्सिया असते.

हे नाते पानांवरून ओळखू येत नाही, फुलावरून येते. पण कोबीचे फूल आपल्याकडे कोणी पाहिलेलेच नसते. गड्ड्यातून दांडा बाहेर यायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते आणि ती महाराष्ट्राच्या मैदानी भागात पडत नाही. म्हणूनच कोबीचे बी कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार होते. तिथे फुललेला कोबी आणि इथे फुललेली मोहरी शेजारी ठेवली तर कोणालाही सांगावे लागणार नाही. फुलीसारख्या मांडलेल्या चार पिवळ्या पाकळ्या, सहा पुंकेसर, त्यांतले चार उंच आणि दोन बुटके, आणि नंतर येणारी बारीक लांब शेंग, जिच्या मधोमध कागदासारखा पातळ पडदा असतो. मराठी परिभाषेत या शेंगेला ‘सार्षप’ म्हणतात. सर्षप म्हणजे मोहरी. कोबीच्या शेंगेलाही शास्त्राने मोहरीचेच नाव दिले आहे.

गुणसूत्रांवरून या नात्यांचा हिशेब 1935 मध्ये नागाहारू यू या शास्त्रज्ञाने लावला. वडील कोरियन, जन्म जपानचा. पुढे कोरियात जाऊन त्यांनी तिथल्या कोबी-मुळ्याच्या बियाण्याचा पाया घातला. त्यांचा त्रिकोण प्रसिद्ध आहे. तीन कोपऱ्यांवर तीन मूळ जाती. गुणसूत्रांच्या जोड्या रापाच्या 10, नायग्रा म्हणजे शास्त्रातल्या काळ्या मोहरीच्या 8, ओलेरेसियाच्या 9. रापा आणि नायग्रा एकत्र येऊन 18 जोड्यांची जुन्सिया झाली. रापा आणि ओलेरेसिया मिळून 19 जोड्यांची नेपस, जिच्यातून कॅनोला तेल येते. नायग्रा आणि ओलेरेसिया मिळून 17 जोड्यांची कॅरिनाटा. यातून लेखकाच्या बाजूचा एक मुद्दा निघतो, तोही मांडायला हवा. जुन्सियात ओलेरेसियाचा वाटा नाही. म्हणजे मोहरी ही कोबीची सख्खी नव्हे, चुलत बहीण. पण किडीला आणि जिवाणूला सख्खे-चुलत कळत नाही. किडीला तर वास कळतो.

तो वास काय आहे हे स्वयंपाकघरातच पाहता येते. डब्यातल्या मोहरीला वास नसतो. कोरडी कुटली तरी फारसा येत नाही. तीच पूड ताटलीत घेऊन, चमचाभर गार पाणी घालून, तळव्याने फेसायला घेतली की रंग फिका पडत जातो, फेस धरतो आणि पाच-दहा मिनिटांत झणका थेट नाकात शिरतो. दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळे ठेवलेले असतात. एक सिनिग्रिन, हे गंधक असलेले ग्लुकोसिनोलेट; दुसरे मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम). पेशी फुटल्या आणि पाणी मिळाले की विकर सिनिग्रिनला तोडते आणि त्यातून ॲलिल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारे तिखट तेल तयार होते. गार पाण्याऐवजी उकळते पाणी घालून पाहा. विकर मरते, झणका येत नाही, कडवटपणा तेवढा उरतो. लोणच्याची फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय मोहरीच्या डाळीवर ओतायची नाही, हा घरोघरचा दंडक त्यासाठीच आहे. आणि कढईत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही, त्याचेही कारण तेच.

कोबीतही हीच जोडी असते, प्रमाण कमी. चिरताना येणारा उग्र दर्प तिचाच. झाडाने हे हत्यार स्वतःच्या रक्षणासाठी बाळगले आहे आणि बहुतेक किडे त्याला भिऊन लांब राहतात. जे थोडे किडे त्यावर मात करायला शिकले, त्यांच्यासाठी मात्र तो वास म्हणजे घराचा पत्ता झाला. चौकोनी ठिपक्यांचा पतंग हा त्यांतला मुख्य. त्याच्या अळीच्या पोटात असे विकर असते की ते ग्लुकोसिनोलेटमधला सल्फेटचा भाग आधीच काढून टाकते; मग मायरोसिनेजला तोडायला काही उरत नाही. मादी वासावर येते, पानाला स्पर्श करून खात्री करते आणि शिरेच्या कडेला एकेक किंवा दोन-चार अंडी घालते. समोर कोबी आहे की मोहरी, याचा तिला फरक पडत नाही. पडलाच तर ती मोहरी पसंत करते.

कोबीनंतर मोहरी घेतली तर काय होते ते यावरून समजावे. उबदार हवेत या पतंगाची एक पिढी पंधरा ते वीस दिवसांत पुरी होते. कोबी काढल्यावर उरलेल्या पानांवर आणि खुंटांवर जाळीदार कोषात असलेले पतंग बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यापुढे दोन पानांवर आलेली कोवळी मोहरी उभी असते. मोहरी चार महिने रानात राहते. शेजारच्या रानात रब्बी कोबीची लागण झालेली असली तर हीच मोहरी तिला अळ्या पुरवते. चक्र तुटण्याऐवजी मध्ये जोडकडी बसते.

अळी ओळखायला सोपी. हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती, बोट लावले की वळवळत मागे सरते आणि धाग्याने पानाखाली लोंबकळते. सुरुवातीला ती पानाच्या पेशी खालून खरवडून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. उजेडाकडे धरले की पानाला खिडक्या पडल्यासारखे दिसते. नंतर आरपार भोके. मावा, करपा यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. करप्याचे गोल गोल वलयांचे डाग मोहरीच्या पानावर आणि फ्लॉवरच्या पानावर एकाच बुरशी-गटामुळे पडतात आणि वाऱ्याने एकीकडून दुसरीकडे जातात.

यापेक्षा मोठे नुकसान घाण्या रोगाने होते आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. झँथोमोनास हा जिवाणू ब्रॅसिकाच्या कुलातल्या जवळपास सगळ्या पिकांवर येतो, मुळ्यावरही. पहाटे कोबीच्या पानाच्या कडेला पाण्याचे मणी जमलेले दिसतात. ते दव नव्हे, झाडाने कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर टाकलेले पाणी. ऊन चढले की मणी परत आत ओढले जातात आणि त्यांच्याबरोबर जिवाणू आत शिरतो. म्हणून पहिली खूण नेहमी पानाच्या कडेला दिसते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा पट्टा, टोक मधल्या शिरेकडे. त्यातल्या बारीक शिरा काळ्या पडतात. अशा झाडाचा बुंधा आडवा कापला तर आत काळे कडे दिसते. पुढे मऊ कूज लागते आणि रानात दुर्गंधी सुटते. ‘घाण्या’ हे नाव त्यावरून. खताची कमतरता समजून या पिवळेपणावर युरिया टाकण्याची चूक फार होते. कमतरतेचा पिवळेपणा कडेपासून पाचर मारल्यासारखा येत नाही आणि त्यात शिरा काळ्या होत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हा जिवाणू नुसत्या मातीत फार काळ तग धरत नाही. तो राहतो न कुजलेल्या पाला-बुंध्यात, अगदी दोन वर्षांपर्यंत. म्हणून दोन, शक्यतो तीन वर्षे या कुलातले कुठलेही पीक त्या तुकड्यात नको. मोहरी घेतली की ती मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी लागते. मुळा आणि अळीव ब्रॅसिका प्रजातीत येत नाहीत, पण कुल तेच, तेव्हा त्यांनाही ही बंदी लागू.

जिवाणूचा दुसरा रस्ता बियाण्यातून. घरचे किंवा खुले, प्रक्रिया न केलेले बी असेल तर गरम पाण्याची प्रक्रिया करावी. बी सैल कापडी पुरचुंडीत बांधून आधी कोमट, साधारण 38 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे. मग 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात कोबी 25 मिनिटे, फ्लॉवर आणि ब्रोकोली 20 मिनिटे. लगेच गार पाण्यात बुडवून सावलीत कागदावर पसरून वाळवायचे. इथे बोट घालून अंदाज चालत नाही, थर्मामीटर लागतो. तापमान दोन-तीन अंश खाली राहिले तर जिवाणू शिल्लक राहतो, तेवढेच वर गेले तर उगवण मारली जाते. पातेले लहान असले तर बी टाकताच पाणी निवते. मोठे भांडे घेऊन पाणी ढवळत राहावे. जुने बी ही प्रक्रिया सोसत नाही, म्हणून आधी शंभर दाण्यांवर करून उगवण पाहावी. संकरित बियाण्याच्या 10 ग्रॅमच्या पाकिटातले रंगीत, औषध लावलेले बी मात्र कधीही गरम पाण्यात घालू नये. औषध धुऊन जाते आणि बी वाया जाते.

रोपे ट्रेमधून विकत आणणाऱ्यांनी ट्रे उन्हात धरून बीजदलांच्या कडा पाहाव्यात. कडा काळपट किंवा सुकलेल्या असतील तर ती रोपे स्वस्तात मिळाली तरी महागच पडतात. तुषार सिंचनाने चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या धुऊन जातात हे खरे, पण घाण्याचा जिवाणूही शिंतोड्यांवरच बसून प्रवास करतो. रोपे निरोगी असल्याची खात्री नसेल आणि हवा दमट असेल तर ठिबक बरे.

मुळांवर गाठी येण्याच्या रोगाबद्दल एकच सांगायचे. त्याचे विश्रामी बीजाणू मातीत पंधरा वर्षांहून जास्त टिकू शकतात आणि त्याला आम्ल, ओली, थंड जमीन मानवते. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात त्याचे भय कमी. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत तो मुरलेला आहे. तिकडची मातीसकट रोपे इकडे, विशेषतः कोकणच्या आम्ल जांभ्या मातीत, आणू नयेत.

आता जमिनीच्या ‘विसाव्या’बद्दल. जे गंधक नाकात झोंबते ते जमिनीतूनच आलेले असते. मोहरी आणि कोबी दोन्ही गंधकाच्या आणि बोरॉनच्या भुकेल्या. एकामागून एक घेतली की विसावा कसला, तीच ताटली पुन्हा पुसून खाल्ल्यासारखे होते. फ्लॉवरचा दांडा आतून पोकळ निघणे आणि गड्ड्यावर तपकिरी पाणथळ ठिपके येणे ही बोरॉनच्या कमतरतेची खूण. लागणीआधी हेक्टरी 10 ते 15 किलो बोरॅक्स जमिनीतून, किंवा उभ्या पिकावर 0.25 टक्के, म्हणजे 100 लिटर पाण्यात 250 ग्रॅम, फवारा. ‘थोडे जास्त’ इथे महागात पडते. बोरॉन गरजेपेक्षा जरा वर गेले की विषारी ठरते, आणि मागून घेवडा घेतला तर पानांच्या कडा जळतात. पोकळ दांडा प्रत्येक वेळी बोरॉनमुळेच असतो असेही नाही. नत्र जास्त झाले आणि ओळींतले अंतर मोठे असले तरी झाड भराभर वाढून दांडा पोकळ होतो. आधी अंतर आणि युरियाचा हिशेब पाहावा, मग बोरॅक्सची पिशवी फोडावी.

जमीन ‘शुद्ध’ होण्याची गोष्ट निराधार नाही, अर्धवट आहे. हिरवी मोहरी फुलावर असताना बारीक चिरून, लगेच, अक्षरशः अर्ध्या तासाच्या आत मातीत गाडली आणि पाणी दिले तर ताटलीत फेसताना जे घडते तेच जमिनीत घडते आणि त्या वायूने काही बुरशी, काही सूत्रकृमी दबतात. त्यासाठी पेशी फुटाव्या लागतात. नुसती उभी मोहरी पिकवून, कापून, मळणी करून हे होत नाही; वाळलेल्या काडात तो जोर उरत नाही. शिवाय हा उपाय टोमॅटो, मिरची, बटाटा यांच्या आधी करायचा, आणि गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबायचे, नाहीतर तोच वायू नव्या रोपांची मुळे भाजतो. कोबीच्या आधी मात्र नाही. गुण कधी येतो, कधी येत नाही. जमिनीचा प्रकार, ओल आणि किती बारीक चिरले यावर सगळे अवलंबून.

मग मोहरीला कोबीच्या रानात जागाच नाही का? आहे, आणि फार चांगली आहे. पण कोबीच्या मागे नाही, कोबीच्या सोबत. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने हे तंत्र बसवले आणि आपल्या कृषी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांतही ते आहे. कोबीच्या 25 ओळी, त्यांच्या दोन्ही अंगांना मोहरीच्या दोन-दोन ओळी. मादीला मोहरी जास्त आवडते, म्हणून ती अंडी तिथे घालते आणि कोबीवर फवारणी कमी लागते. मावाही मोहरीकडे ओढला जातो.

हे तंत्र फसते ते तारखांवर. दोन ओळी एकाच दिवशी पेरायच्या नाहीत. पहिली ओळ कोबी लावण्याच्या 15 दिवस आधी, म्हणजे रोपे रानात येतील तेव्हा मोहरी आधीच पानावर असेल. दुसरी ओळ कोबी लावल्यावर 25 दिवसांनी. पहिली ओळ फुलावर येऊन निबर होते, तिची पाने मादीला नकोशी होतात, आणि नेमका त्याच वेळी कोबी गड्डा धरू लागतो. तेव्हा दुसरी ओळ कोवळी हवी. ज्यांनी दोन्ही एकदम पेरल्या त्यांच्याकडे गड्डा भरताना सगळे पतंग कोबीवर उतरतात, आणि मग ‘मोहरी लावूनही उपयोग नाही’ अशी तक्रार येते.

हिशेब फार नाही. 20 गुंठ्यांचा 40 बाय 50 मीटरचा तुकडा धरला आणि ओळी 45 सेंटीमीटरवर, तर 25 ओळींचे तीन पट्टे आणि मोहरीच्या आठ ओळी बसतात. 50 मीटरच्या आठ ओळी म्हणजे 400 मीटर; त्याला 100 ग्रॅम मोहरी पुरून उरते. एक ओळ मेली तर पुन्हा टोकायला बी हाताशी राहते. आणि ती मरते. उगवल्यावर पहिल्या पंधरवड्यात मोहरीवरच्या काळ्या माशीच्या अळ्या आणि भुंगेरे कोवळी पाने चट्ट करतात. त्यामुळे मोहरीकडे लक्ष कोबीइतकेच द्यावे लागते.

दुसरी चूक त्याहून मोठी. मोहरी लावली आणि सोडून दिली. आपल्या मोहरीवर या पतंगाची अळी मजेत वाढते. मोहरी तिला मारत नाही, फक्त बोलावते. युरोपात बार्बारिया नावाची याच कुलातली एक वनस्पती आहे, तिच्यावर मादी भुलून अंडी घालते आणि अळ्या त्यातल्या सॅपोनिनमुळे मरतात. तो खरा पिंजरा. आपली मोहरी हा पिंजरा नाही, आमिष आहे. म्हणून तिच्या ओळींवर दर 10 ते 15 दिवसांनी फवारणी हवी, किंवा अळ्यांनी भरलेली झाडे उपटून खोल गाडावीत. तसे केले नाही तर आपणच पैसे खर्चून पतंगाची रोपवाटिका चालवत असतो.

इथे एक सावधगिरी. जुन्या पत्रकांत मोहरीवर डायक्लोरव्हॉस फवारा असे छापलेले आहे आणि ती पत्रके अजून मोबाइलवरून फिरतात. 31 डिसेंबर 2020 पासून डायक्लोरव्हॉसवर देशात बंदी आहे. कोणी ‘जुना स्टॉक’ म्हणून दिले तरी घेऊ नये.

कोबीवर गड्डा धरायच्या सुमारास निंबोळी अर्क. चार टक्के अर्कासाठी 4 किलो निंबोळ्या भरड कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून दोनदा गाळून 100 लिटर करावे. पहिल्यांदा नीट गाळले नाही तर नोझल तुंबतो. साबणाचा चुरा किंवा चिकटद्रव्य विसरू नये. कोबीच्या पानावर मेणाचा निळसर थर असतो, पाणी पाऱ्यासारखे गोळा होऊन ओघळते. नुसता अर्क फवारला तर तो मातीला मिळतो, पानाला नाही. आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला पाहिजे, अळी तिथे असते. सरासरी झाडाला दोन अळ्या दिसू लागेपर्यंत कडक कीटकनाशकाची घाई नको. कोटेशिया ही बारीक गांधीलमाशी या अळ्यांत अंडी घालते, पांढरे चिमुकले कोष दिसले की ती कामावर आहे असे समजावे. सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारले की आधी ती मरते.

कारण हा पतंग औषधाला दाद न देण्यात जगात पुढे आहे. 1953 मध्ये जावा बेटावर त्याने डीडीटीला दाद दिली नाही. 1990 मध्ये हवाईतून, शेतात बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूलाही तो पुरून उरल्याची नोंद झाली; तसे करणारा तो पहिला कीटक. मोहरीबद्दल जी चूक झाली तीच औषधांत होते. नाव बदलले म्हणजे बदल झाला असे वाटते. औषध किडीला कोणत्या तऱ्हेने मारते ते सांगणारा गट क्रमांक डब्यावर असतो, तो वाचावा. स्पिनोसॅड गट 5, एमामेक्टिन 6, बीटी 11, इंडोक्साकार्ब 22, क्लोरँट्रानिलिप्रोल 28. फ्लुबेंडियामाइडचे नाव वेगळे, पण गट 28च. एका पिढीवर, म्हणजे साधारण पंधरा-वीस दिवस, एक गट. पुढच्या पिढीवर दुसरा. आणि लेबलवर पिकाचे व किडीचे नाव आहे का ते आधी पाहावे, मग दुकानदाराचे ऐकावे. बीटी संध्याकाळी फवारावे, उन्हात ते टिकत नाही.

मोहरीऐवजी मागून काय घ्यावे? ऑक्टोबर-नोव्हेंबरला रान मोकळे होत असेल तर हरभरा सगळ्यांत सोयीचा, त्याचा बेवडही चांगला. गहू, कांदा, मेथी, मका, उन्हाळी भुईमूग, झेंडू चालेल. एक मात्र खरे, स्पोडोप्टेरा (पाने खाणारी अळी) आणि घाटे अळी कोबीही खाते आणि हरभराही. तिला फेरपालटाने आवर बसत नाही, तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) आणि अंडीपुंज वेचणे वेगळे करावे लागते. रान लहान असेल, दर वर्षी कोबी घेणे भाग असेल, तर त्याचे तीन तुकडे करून कोबीवर्गीय पीक एका वर्षी एकाच तुकड्यात ठेवावे आणि दर वर्षी तुकडा बदलावा. बांधाजवळचा तुकडा घेताना शेजाऱ्याने पलीकडे काय लावले आहे तेही पाहावे.

काढणी झाली की खुंट तसेच उभे ठेवण्याची सवय वाईट. त्यांना कोंब फुटतात आणि मावा, अळी, जिवाणू सगळ्यांची बेगमी होते. आठवड्याच्या आत खुंट उपटून खड्ड्यात कुजवावेत; रोगट असतील तर त्या खड्ड्याचे खत पुन्हा कोबीला नको. निरोगी पाला गुरांना चालतो, पण रोजच्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही. या पाल्यातल्या एका गंधकयुक्त पदार्थाने, नुसता तोच दिवसेंदिवस खाऊ घातला तर, जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते.

शेवटची गोष्ट सापळ्याच्या ओळींची. त्या मोहरीची कोवळी पाने भाजीला खुडू नयेत आणि दाणेही डब्यात भरू नयेत. दर पंधरवड्याला औषध खाल्लेले ते झाड आहे. घरच्या फोडणीसाठी मोहरी हवी असेल तर ती वेगळ्या तुकड्यात, कोबीपासून लांब पेरावी आणि काढणीआधी त्यातला पिवळा धोत्रा उपटून टाकावा. त्याचे बी मोहरीसारखेच काळे-तपकिरी आणि तेवढेच बारीक असते. दिल्लीत 1998 मध्ये मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन जलशोथाची, म्हणजे अंगावर सूज येणाऱ्या रोगाची, साथ आली आणि माणसे दगावली. काटेरी झाड आहे, शेतात सहज ओळखू येते. सुपात आल्यावर ओळखणे कठीण.

आपले नम्र,
कोबीवर्गीय भाजीपाल्याशी संबंधित काही वाचक,
नाशिक जिल्हा